वर्टमध्ये पाणी घालावे का? घरगुती बिअरमधील एका साध्या हिशेबाविषयी

घरी बिअर करण्याचे साहित्य पहिल्यांदाच विकत आणलेल्या माणसाला सोबतच्या सूचनापत्रकातील एक ओळ हमखास अडखळवते. दहा लिटर पाण्यात सगळे उकळा, थंड करा आणि मग वरून साधे पाणी घालून वीस लिटर करा, असे तिथे सांगितलेले असते. तासभर राखून उकळलेल्या द्रवात शेवटी तितकेच पाणी ओतायचे, हे मनाला पटत नाही. दुधात पाणी मिसळणाऱ्याकडे आपण ज्या नजरेने पाहतो, तीच शंका इथेही येते: ही भेसळ तर नव्हे?

परदेशात राहणाऱ्या आणि हा छंद नव्याने लागलेल्या मराठी मित्रांकडून मी हा प्रश्न अनेकदा ऐकला आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर लिहीत आहे. त्याआधी कायद्याची मर्यादा स्पष्ट करतो. महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि घरगुती वापरासाठी केलेली बिअर त्यातून सुटत नाही. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठी परवाना घेण्याची अट १९६३ मध्ये रद्द झाली. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर बिअर स्वतःसाठी करण्याची मुभा मिळाली, मात्र ती विकता येत नाही. तिथेही राज्यांचे कायदे वेगळे होते आणि अलाबामा व मिसिसिपी या राज्यांनी २०१३ मध्ये परवानगी दिली. पुढचे सर्व विवेचन जिथे हे काम कायदेशीर आहे तिथल्या वाचकांसाठी आहे.

वर्ट म्हणजे काय

सातूला मोड आणून तो वाळवला की त्याला माल्ट म्हणतात. हे माल्ट भरडून गरम पाण्यात ठेवले की त्यातील पिठूळ भागाची साखर होते आणि ती पाण्यात उतरते. हा गोड, तपकिरी, अजून न आंबलेला द्रव म्हणजे वर्ट. त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुले घालून उकळायचे, थंड करायचे आणि यीस्ट सोडायचे. यीस्ट साखर खाते व तिचे अल्कोहोल करते, तेव्हा कुठे बिअर तयार होते.

नवशिके लोक बहुधा माल्ट भरडण्यापासून सुरुवात करत नाहीत. ते माल्टचा अर्क विकत आणतात. हा अर्क म्हणजे कारखान्यात तयार केलेले वर्टच असते, त्यातील बहुतेक पाणी काढून टाकलेले असते. उसाचा रस आटवून काकवी करतात, तसाच हा प्रकार आहे आणि दिसायलाही तो काकवीसारखाच दिसतो. म्हणजे अर्कात पाणी घालणारा माणूस कारखान्याने काढून घेतलेले पाणी परत देत असतो. कोकमाच्या आगळात पाणी घालून सरबत करणाऱ्याला आपण भेसळ करणारा म्हणत नाही. सरबत फिके झाले तर दोष पाण्याच्या प्रमाणाला देतो.

साखर तेवढीच राहते

दूध संकलन केंद्रावर लॅक्टोमीटर दुधात सोडतात, तो किती वर तरंगतो यावरून दुधाचा दाटपणा कळतो. वर्टसाठी असेच एक काचेचे उपकरण असते, ते म्हणजे हायड्रोमीटर. शुद्ध पाण्यात तो १.००० दाखवतो आणि साखर जितकी जास्त तितका आकडा वाढतो. या आकड्याला आपण घनता म्हणू. १.०४५ घनतेच्या वर्टमधील दशांशानंतरचा भाग, म्हणजे ४५, हे त्याचे ‘गुण’ समजावेत.

एक किलो पातळ अर्क एक लिटरमागे साधारण ३०० गुण देतो. तीन किलो अर्क आणला तर आपल्याजवळ ९०० गुणांची पुंजी झाली. ही पुंजी दहा लिटरमध्ये वाटली तर प्रत्येक लिटरच्या वाट्याला ९० गुण येतात, म्हणजे घनता १.०९०. वीस लिटरमध्ये वाटली तर ४५ गुण, म्हणजे १.०४५. उरलेले दहा लिटर पाणी सुरुवातीला घातले, मध्ये घातले किंवा उकळून झाल्यावर घातले, तरी ९०० ला वीसनेच भागायचे आहे. अल्कोहोलचे प्रमाण या भागाकारावर अवलंबून असते. १.०४५ पासून सुरू झालेले आंबवण १.०११ च्या आसपास थांबले, तर बिअर साधारण साडेचार टक्क्यांची होते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, तो असा की मागून पाणी घातलेली बिअर तोंडाला पातळ लागते. तो खरा नाही. बिअरला भरीवपणा देणाऱ्या आणि यीस्टला न पचणाऱ्या शर्कराही याच ९०० गुणांत मोजलेल्या असतात, त्यामुळे त्याही त्याच प्रमाणात वाटल्या जातात. पातळ बिअर पाण्याच्या वेळेमुळे होत नाही. ती होते ठरवल्यापेक्षा जास्त पाणी पडल्यामुळे.

मग सगळे पाणी आधीच का घालत नाहीत

कारण घरगुती असते. वीस लिटर वर्ट उकळायचे तर फेसासाठी जागा सोडून तीस लिटरचे पातेले लागते, आणि सदनिकेतील स्वयंपाकघराच्या शेगडीवर एवढे पाणी खळखळून उकळायला फार वेळ जातो. त्याहून मोठी अडचण नंतर येते, कारण यीस्ट सोडण्यापूर्वी हे सगळे वीस अंशांच्या आसपास खाली आणावे लागते आणि तेही लवकर, कारण कोमट गोड वर्ट कोणत्याही जंतूला आवडते. दहा लिटर वर्ट बर्फाच्या पाण्यात पातेले ठेवून ४० अंश सेल्सिअसपर्यंत आणले आणि त्यात फ्रिजमधले ४ अंशांचे दहा लिटर पाणी मिसळले, तर मिश्रण एकदम २२ अंशांच्या आसपास येते. नवशिक्यासाठी ही सोय फार मोठी आहे.

फक्त काचेच्या मोठ्या बरणीत आंबवणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. गरम वर्ट थेट काचेत ओतू नये. काच तडकून गंभीर इजा होऊ शकते. वर्ट कोमट होऊ द्यावे, आणि आधी थंड पाणी घालून मग त्यावर वर्ट ओतावे.

कडवटपणाचा हिशेब मात्र वेगळा आहे

इथे पाणी कधी घातले याने खरोखर फरक पडतो, आणि सूचनापत्रके नेमकी इथेच गप्प असतात.

हॉप्समधील आम्ले मुळात पाण्यात फारशी विरघळत नाहीत. तासभर उकळल्यावर त्यांची रचना बदलते आणि मग ती विरघळून बिअरला कडवटपणा देतात. हा कडवटपणा ‘आयबीयू’ या एककात मोजतात. एका लिटरमध्ये अशी सुमारे एक मिलिग्रॅम बदललेली आम्ले म्हणजे एक आयबीयू. वर्ट जितके दाट, तितका हॉप्समधून मिळणारा कडवटपणा कमी. बाकी सगळे तेच असले तरी दाट पाकात वेलची घातली आणि पातळ सरबतात घातली, तर तिचा स्वाद सारखा उतरत नाही, हे स्वयंपाक करणाऱ्याला सांगावे लागत नाही.

घरगुती बिअर करणाऱ्यांमध्ये अमेरिकेतील ग्लेन टिन्सेथ यांचे सूत्र सर्वाधिक वापरले जाते. ते अंदाज देते, प्रयोगशाळेतील मोजमाप नव्हे, पण तुलनेसाठी ते पुरेसे आहे. दहा टक्के आम्लाचे ३० ग्रॅम हॉप्स एक तास उकळले असे धरू आणि वाफ होऊन गेलेले पाणी सध्या बाजूला ठेवू. पूर्ण वीस लिटर वर्ट १.०४५ घनतेला उकळले, तर या सूत्राने सुमारे ३६ आयबीयू मिळतात. तेच हॉप्स दहा लिटर, १.०९० घनतेच्या वर्टमध्ये उकळून नंतर दहा लिटर पाणी घातले, तर सुमारे २४ मिळतात. एक तृतीयांश कडवटपणा गेला. मागून पाणी घातलेली बिअर ‘गोडसर’ लागते अशी जी तक्रार असते, तिचे मूळ बहुधा इथे असते. साखर वाढलेली नसते, तिला तोलणारा कडवटपणा कमी पडलेला असतो.

त्यावर पहिला उपाय सरळ आहे: ३० ऐवजी ४५ ग्रॅम हॉप्स घालावेत. दुसरा उपाय मला अधिक आवडतो, कारण त्यात पैसे लागत नाहीत. सगळा अर्क सुरुवातीला घालू नये. दहा लिटर पाण्यात दीड किलो अर्क घातला तर ४५० भागिले १०, म्हणजे पुन्हा १.०४५ घनता होते. हॉप्सच्या दृष्टीने हे वर्ट पूर्ण वीस लिटर उकळल्याइतकेच पातळ आहे. त्यात तासभर हॉप्स उकळावेत आणि उरलेला दीड किलो अर्क शेवटच्या दहा मिनिटांत, शेगडी बंद करून नीट ढवळत घालावा, म्हणजे तो तळाशी बसून करपत नाही. मग पुन्हा उकळी आणावी. अर्क कारखान्यात आधीच तापवलेला असल्याने तो तासभर उकळण्याची गरज नसते, शेवटची उकळी पुरते.

दोन्ही उपायांना एक मर्यादा आहे. पातेल्यातील वर्टमध्ये साधारण १०० आयबीयूपेक्षा जास्त कडवटपणा विरघळून राहत नाही, मग कितीही हॉप्स घाला. नंतर तितकेच पाणी घालायचे असेल तर तयार बिअरमध्ये जास्तीत जास्त ५० आयबीयू उरतील. म्हणून ज्यांना अतिशय कडवट, हॉप्सप्रधान आयपीए प्रकारची बिअर करायची आहे, त्यांच्यासाठी अर्धे पाणी मागून घालण्याची पद्धत योग्य नाही. त्यांनी मोठे पातेले घ्यावे किंवा एका वेळी दहाच लिटर करावी.

रंगाचेही असेच होते. दाट वर्टमध्ये साखर आणि प्रथिने यांची उष्णतेने होणारी प्रक्रिया अधिक वेगाने चालते. दूध आटवताना बासुंदीला जो तांबूस रंग चढतो तो याच प्रक्रियेचा. काळ्या किंवा तपकिरी बिअरला याने काही बिघडत नाही. फिक्या सोनेरी बिअरची अपेक्षा असेल तर मात्र अर्क उशिरा घालण्याचा वरचा उपाय इथेही कामी येतो.

हायड्रोमीटर चुकीचा आकडा दाखवतो तेव्हा

माझ्या पहिल्या खेपेला हिशेबाने १.०४५ यायला हवे होते. मी पाणी घातले, चार वेळा पळी फिरवली, भांड्याच्या तळाजवळच्या नळातून नमुना काढला आणि हायड्रोमीटरने १.०६२ दाखवले. वर्ट फार दाट झाले असे समजून मी आणखी चार लिटर पाणी घातले. नऊशे गुण आता चोवीस लिटरमध्ये वाटले गेले, घनता प्रत्यक्षात १.०३७ च्या जवळ आली आणि महिनाभर वाट पाहून हाती आलेली बिअर फिकी निघाली. हायड्रोमीटर बरोबर होता. त्याला दिलेला नमुना बरोबर नव्हता.

दाट वर्ट जड असते आणि पाणी हलके. सावकाश ओतलेले थंड पाणी वर्टवर थर करून राहते आणि तो थर वाटतो तितक्या सहज मोडत नाही. तळातून नमुना घेतला तर आकडा जास्त येतो, वरून घेतला तर कमी. कोकमाचे आगळ पेल्याच्या तळाशी बसलेले असताना वरचा घोट अळणी लागतो आणि शेवटचा घोट घशात जळजळतो, तसेच. यीस्टला याचा त्रास नाही, कारण आंबवण सुरू झाले की उठणाऱ्या बुडबुड्यांनी सगळे आपोआप ढवळले जाते. त्रास मोजणाऱ्याला होतो.

म्हणून अर्कापासून बिअर करताना माझा सल्ला असा आहे की अर्काचे वजन आणि पाण्याचे माप काटेकोर ठेवावे आणि भागाकारावर विश्वास टाकावा. अर्काची साखर ठरलेली असते. सगळा अर्क विरघळला असेल आणि लिटर बरोबर मोजले असतील, तर घनता दुसरी काही येऊच शकत नाही. लिटर मोजतानाही द्रव थंड झाल्यावर मोजावेत, कारण उकळते वर्ट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत सुमारे चार टक्के आकसते. आकड्यांवर ओझरता अविश्वास वाटल्यास पाच मिनिटे जोरात ढवळून पुन्हा नमुना घ्यावा. त्यापूर्वी एक पेलाही जास्तीचे पाणी घालू नये.

माल्ट भरडून सुरुवात करणाऱ्यांचे तसे नाही. धान्यातून किती साखर उतरली हे मोजल्याशिवाय कळत नाही, म्हणून त्यांना हायड्रोमीटरवरच चालावे लागते. समजा उकळून झाल्यावर १८ लिटर वर्ट मिळाले आणि घनता १.०५० हवी असताना ती १.०६० भरली. अठरा गुणिले साठ म्हणजे १०८० गुण. त्याला पन्नासने भागले की २१.६ लिटर. म्हणजे ३.६ लिटर पाणी बेलाशक घालावे. उलट, धान्य पुन्हापुन्हा धुऊन तेवढे लिटर भरून काढण्याचा मोह टाळावा. साखर संपत आलेल्या टरफलांवर गरम पाणी ओतत राहिले की चहा फार वेळ उकळल्यावर उतरतो तसा तुरटपणा त्यांतून उतरतो. साध्या पाण्यात तुरटपणा नसतो.

कोणते पाणी

उकळताना घातलेल्या पाण्यातील दोष बऱ्याच अंशी उकळीत निघून जातात. मागून घातलेले पाणी जसेच्या तसे बिअरमध्ये राहते, म्हणून त्याची निवड अधिक काळजीने करावी लागते.

पहिली अडचण क्लोरीनची. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माल्ट, हॉप्स आणि यीस्ट यांच्यातील काही द्रव्यांशी संयोग पावून क्लोरोफेनॉल नावाची द्रव्ये तयार करते. त्यांना दवाखान्यासारखा, जखमेवरच्या चिकटपट्टीसारखा वास येतो, आणि अब्जात काही भाग इतक्या अल्प प्रमाणातही तो जिभेला कळतो. एकदा तयार झाला की तो कशानेही जात नाही. साधे क्लोरीन पाणी उकळल्याने किंवा रात्रभर उघडे ठेवल्याने उडून जाते. परंतु अनेक शहरे आता क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात. वॉशिंग्टन शहराने २००० मध्ये आणि सॅन फ्रान्सिस्कोने २००४ मध्ये हा बदल केला. क्लोरामाइन मुद्दाम टिकाऊ म्हणून निवडलेले असते, ते थोड्या उकळीने जात नाही. त्यासाठी वाइन करणारे लोक वापरतात ती मेटाबायसल्फाइटची कॅम्पडेन गोळी घ्यावी. एक गोळी सुमारे ७५ लिटर पाण्याला पुरते, म्हणजे २० लिटरला पाव गोळी. ती चुरून ढवळली की काही मिनिटांत काम होते. आपल्या शहरात काय वापरतात हे पाणीपुरवठा खात्याच्या वार्षिक अहवालात दिलेले असते.

क्षार हा दुसरा प्रश्न, पण अर्क वापरणाऱ्याने त्याची फार चिंता करू नये. अर्क तयार करताना कारखान्याच्या पाण्यातील क्षार त्यात आलेलेच असतात, त्यामुळे क्षार काढलेले आरओचे पाणी इथे उत्तम चालते.

तिसरा प्रश्न निर्जंतुकतेचा. नळाचे पिण्यायोग्य पाणी थेट घालूनही कित्येकांची बिअर चांगली होते, कारण भरपूर आणि ताजे यीस्ट इतर जंतूंना वाढू देत नाही. तरीही मी आदल्या रात्री पाणी उकळून, झाकून, थंड करून ठेवतो. महिनाभराची मेहनत एका तासाच्या आळसापायी धोक्यात घालणे मला पटत नाही. यावर असे विचारले जाते की उकळलेल्या पाण्यातील प्राणवायू निघून जातो आणि यीस्टला तर सुरुवातीला तो लागतो. हे बरोबर आहे. पण त्यासाठी यीस्ट घालण्यापूर्वी थंड झालेले वर्ट भांडे हलवून किंवा उंचावरून ओतून चांगले फेसाळावे. हवेतून हवा तेवढा प्राणवायू त्यात मिसळतो. वर्ट थंड झाल्यावरच हे करावे.

बिअर तयार झाल्यावर पाणी घातले तर

मोठे कारखाने हे सर्रास करतात. दाट वर्ट आंबवून कडक बिअर करायची आणि बाटलीत भरण्यापूर्वी तिच्यात पाणी मिसळून ठरलेल्या टक्केवारीला आणायचे, ही जगभर रूढ पद्धत आहे. तेवढ्याच टाक्यांतून जास्त बिअर निघते, हे तिचे कारण. हे ऐकून घरीही आंबवण संपल्यावर पाणी घालण्याचा विचार मनात येतो, आणि तिथे मात्र मी स्पष्ट नको म्हणेन.

कारखान्याचे ते पाणी आपल्या नळाचे नसते. त्यातला प्राणवायू खास यंत्रांनी काढून घेतलेला असतो, लिटरमागे मिलिग्रॅमच्या शतांशांत मोजावा इतका तो कमी उरतो. नळाच्या थंड पाण्यात लिटरमागे आठ-दहा मिलिग्रॅम प्राणवायू असतो. यीस्ट घालण्यापूर्वी तो उपयोगी असतो, कारण यीस्ट तो काही तासांत संपवून टाकते. आंबवण संपल्यावर त्याला खाणारे कोणी उरत नाही, मग तो बिअरलाच खातो. काही आठवड्यांत तिला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते आणि हॉप्सचा सुगंध मावळतो. तयार बिअर फारच कडक झाली असेल तर ती तशीच बाटलीत भरावी आणि पिताना पेल्यात थंड सोडा मिसळावा. तेवढ्या वेळात काही बिघडत नाही.

पाणी जास्तच पडले तर

यीस्ट घालण्यापूर्वी लक्षात आले तर हे सहज सुधारते. माझ्या त्या चोवीस लिटरचेच उदाहरण घेऊ. १.०४५ घनतेसाठी चोवीस गुणिले पंचेचाळीस, म्हणजे १०८० गुण हवेत आणि जवळ ९०० आहेत. तूट १८० गुणांची. माल्टच्या अर्काची कोरडी भुकटी किलोमागे सुमारे ३७० गुण देते, म्हणजे जवळपास ४९० ग्रॅम भुकटी पुरेल. ती विरघळवायला नवे पाणी घेऊ नये, नाहीतर हिशेब पुन्हा सरकतो. भांड्यातलेच दोन लिटर वर्ट स्वच्छ पातेल्यात काढून घ्यावे, भुकटी आधी थंड वर्टमध्ये कालवावी, कारण गरम वाफेवर तिच्या लगेच गुठळ्या होतात, मग दहा मिनिटे उकळून, झाकण ठेवून पूर्ण थंड करून भांड्यात परत ओतावे आणि या वेळी तळापासून ढवळावे. यीस्टने काम सुरू केल्यानंतर हे ध्यानात आले, तर झाकण उघडू नये. फिकी बिअर फिकी म्हणून पिता येते, जंतू शिरलेली ओतून द्यावी लागते.